एका लांबलचक प्लेबुकचे रोल्स करताना : इथवरची प्रगती

अ‍ॅन्सिबल या सर्व्हर आपोआप मांडून देणाऱ्या साधनासाठी लिहिलेलं मोठं प्लेबुक (सर्व्हरवर करायच्या कामांची, म्हणजे टास्कची यादी) फोडून त्याचे रोल्स (पुन्हा वापरता येणारे स्वतंत्र भाग) करायचं काम आता बरंच मार्गी लागलंय. यूजर, एसएसएच (दूरून लॉगिन), फायरवॉल, वेळ जुळवणं, वेब सर्व्हर, बॅकअप हे सगळं एकाच यामल फाइलीत एकाखाली एक होतं आणि व्यवस्थित चालतही होतं. तरी ते मोडायला घेतलं, कारण नवा सर्व्हर आला की त्या फाइलीची प्रत काढायची आणि चार ओळी बदलायच्या, असं चाललं होतं. प्रत काढली की एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे पोहोचत नाही. थोड्याच दिवसांत कुठल्या सर्व्हरवर नेमकं काय आहे, हे सांगायला प्रत्येकावर लॉगिन करावं लागतं, आणि मग अ‍ॅन्सिबल वापरण्यात अर्थच उरत नाही.

फाइल कुठे तोडायची, यावर मी सगळ्यात जास्त विचार केला. आकारावरून तोडणं सोपं असतं, पण उपयोगाचं नसतं. माझा निकष असा ठरला : कॉन्फिग बदलल्यावर जी सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागते, तिचा एक रोल. एसएसएचच्या रोलमध्ये एसएसएचचेच टास्क, त्याचंच टेम्प्लेट (कॉन्फिग फाइलीचा साचा), त्याचाच हँडलर (बदल झाल्यावर सर्व्हिस रीस्टार्ट करणारा टास्क). ज्यात कुठलीच सर्व्हिस नाही, म्हणजे यूजर, टाइमझोन, नेहमीची पॅकेजेस, ते सगळं एका 'पाया' नावाच्या रोलमध्ये टाकलंय. त्याचे आणखी तुकडे करण्यात मला काही मिळकत दिसत नाही.

रोल खरोखर पुन्हा वापरता येतो की नाही, हे त्याच्या व्हेरिएबल्सवर ठरतं. बाहेरून बदलता यायला हवं ते सगळं रोलच्या डिफॉल्ट्स फोल्डरमध्ये ठेवा. डिफॉल्ट्सचा अग्रक्रम जवळपास सगळ्यात खालचा असल्यामुळे इन्व्हेंटरीत (सर्व्हरच्या यादीत) किंवा ग्रुप व्हार्समध्ये (सर्व्हरच्या गटाच्या व्हेरिएबल्समध्ये) काहीही लिहिलं की तेच लागू होतं. रोलमधल्या व्हार्स फोल्डरचं उलट आहे. तो ग्रुप व्हार्सच्या वर बसतो, त्यामुळे तिथे पोर्ट नंबर ठेवला तर इन्व्हेंटरीतून तो बदलताच येत नाही. तिथे मी फक्त लिनक्सच्या वितरणानुसार बदलणारी नावं ठेवली आहेत, उदाहरणार्थ डेबियनवर एसएसएचच्या सर्व्हिसचं नाव वेगळं आणि रेडहॅटच्या कुळात वेगळं. शिवाय प्रत्येक व्हेरिएबलच्या पुढे रोलचं नाव जोडलंय. रजिस्टर केलेली किंमत (साठवून ठेवलेला टास्कचा निकाल) त्या होस्टसाठी, म्हणजे सर्व्हरसाठी, रन संपेपर्यंत जिवंत राहते, ती रोलपुरती मर्यादित नसते. दोन रोल्समध्ये 'निकाल' या एकाच नावाचं रजिस्टर असेल, तर दुसरा रोल पहिल्याची किंमत वाचू शकतो.

मेटा फोल्डरमधली आर्ग्युमेंट स्पेक्सची फाइल अ‍ॅन्सिबलच्या आवृत्ती २.११ पासून मिळते, आणि ती प्रत्येकाने लिहावी असं मी आग्रहाने सांगेन. कुठली किंमत सक्तीची, तिचा प्रकार कोणता, चालणारे पर्याय कोणते, हे तिथे लिहिलं की रोलमधला पहिला टास्क चालण्याआधीच तपासणी होते. अर्धा सर्व्हर बदलून झाल्यावर व्हेरिएबल सापडत नाही म्हणून थांबण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं.

आता टास्कची दुसरी फाइल आत ओढायला इम्पोर्ट टास्क्स की इन्क्लूड टास्क्स, हा प्रश्न. इम्पोर्ट प्लेबुक वाचतानाच उलगडतो, इन्क्लूड चालता चालता उलगडतो, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण त्याचा खरा परिणाम मला बॅकअपच्या रोलमध्ये दिसला, तो जवळून बघण्यासारखा आहे.

बॅकअपची रिपॉझिटरी (बॅकअप साठवायची जागा) आहे का, हे आधी स्टॅट या मॉड्यूलने तपासून रजिस्टर करायचं. नसेल तर 'पहिल्यांदा तयार करा' ही फाइल ओढायची, आणि ओढण्याच्या ओळीवर व्हेनची अट लावायची. त्या फाइलीत तीन टास्क आहेत : रिपॉझिटरी तयार करणं, त्याच नावात पुन्हा स्टॅट रजिस्टर करणं, आणि किल्लीच्या फाइलीची परवानगी घट्ट करणं. इम्पोर्ट वापरलं तर व्हेनची अट त्या एका ओळीपुरती राहत नाही. ती तिन्ही टास्कना चिकटते आणि प्रत्येकाच्या वेळी नव्याने तपासली जाते. दुसऱ्या टास्कने रजिस्टरची किंमत बदलली की तिसऱ्याच्या वेळी अट खोटी ठरते, आणि परवानगीचा टास्क वगळला जातो. स्क्रीनवर फक्त 'स्किपिंग' येतं. लाल काही नाही, रन यशस्वी. इन्क्लूडमध्ये अट दारातच एकदा तपासली जाते आणि आत गेल्यावर तिन्ही टास्क चालतात.

टॅग्जच्या (निवडक टास्क चालवण्यासाठी लावलेल्या खुणांच्या) बाबतीत पारडं फिरतं. इम्पोर्टवर लावलेला टॅग आतल्या सगळ्या टास्कना मिळतो. इन्क्लूडवर लावलेला फक्त त्या इन्क्लूडच्या ओळीला लागतो, आत पोहोचवायचा तर 'अप्लाय' लिहावं लागतं. इन्क्लूडमधले टास्क 'लिस्ट टास्क्स'च्या यादीतही दिसत नाहीत. दुसरीकडे, लूप लावायचा असेल किंवा फाइलीचं नाव फॅक्ट्सवरून (सर्व्हरकडून गोळा केलेल्या माहितीवरून) ठरत असेल तर इन्क्लूडला पर्याय नाही. म्हणून मी सरसकट इम्पोर्ट ठेवतो. लूप, फॅक्टवरून ठरणारं नाव किंवा आत बदलू शकणारी अट, या तीनच जागी इन्क्लूड.

हँडलर्सवर मी बराच वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा. नोटिफाय झालेला (बदल झाल्याचा निरोप मिळालेला) हँडलर लगेच चालत नाही, सगळे टास्क आटोपल्यावर एकदा चालतो. समजा एसएसएचचं टेम्प्लेट बदललं, हँडलर नोंदला गेला, आणि पुढे फायरवॉलचा टास्क फसला. त्या होस्टवरचा रन तिथेच थांबतो आणि हँडलर चालायचा राहतो. तुम्ही फायरवॉलची दुरुस्ती करून पुन्हा रन मारता. आता टेम्प्लेट आधीच बदललेलं असल्यामुळे तो टास्क 'ओके' म्हणतो, नोटिफाय होतच नाही. डिस्कवरची फाइल नवी, चालणारी सर्व्हिस जुन्या सेटिंगवर, आणि रनचा सारांश हिरवागार. पुढच्या रीबूटपर्यंत हा फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

यावर 'फोर्स हँडलर्स' (टास्क फसला तरी नोंदलेले हँडलर चालवणं) हा एक उपाय आहे. मी दुसरा घेतलाय : प्रत्येक रोलच्या शेवटी मेटा मॉड्यूलचा 'फ्लश हँडलर्स' (नोंदलेले हँडलर तिथेच चालवणं). रोल संपताना त्याची सर्व्हिस नव्या सेटिंगवर आलेलीच असते, पुढच्या रोलचं काही होवो. याची किंमत एवढीच की दोन रोल्स एकाच सर्व्हिसला नोटिफाय करत असतील तर ती दोनदा रीस्टार्ट होते. सर्व्हिसप्रमाणे रोल तोडले असतील तर अशी वेळ क्वचितच येते. एसएसएचच्या टेम्प्लेटवर व्हॅलिडेटही लावलंय, म्हणजे नवी फाइल जागेवर जाण्याआधी एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्रॅम) स्वतःच तिची तपासणी करतो आणि चूक असेल तर जुनी फाइल जशीच्या तशी राहते. सुडोअर्ससाठी (प्रशासकाचे अधिकार कुणाला, हे ठरवणाऱ्या फाइलीसाठी) हेच काम व्हीआयसुडोकडून करून घेता येतं. दूरच्या सर्व्हरवर या दोन फाइल्स व्हॅलिडेटशिवाय पाठवूच नयेत.

यामलबद्दल एकच गोष्ट. फाइलीचा मोड (परवानगीचा आकडा) नेहमी अवतरणचिन्हांत आणि पुढच्या शून्यासकट लिहा, '०६४४' असा. अवतरणाशिवाय ६४४ लिहिलं तर तो दशमान आकडा धरला जातो, म्हणजे अष्टमानात १२०४, आणि मालकालाच फाइल वाचायची परवानगी राहत नाही.

रोल झाला की नाही, याची माझी कसोटी दुसरा रन. लागोपाठ दुसऱ्यांदा चालवल्यावर 'चेंज्ड' शून्य यायलाच हवं. कमांड आणि शेल हे मॉड्यूल दर वेळी चेंज्ड म्हणतात, म्हणून त्यांना 'क्रिएट्स' किंवा 'चेंज्ड व्हेन' लागतंच. चेक मोडमध्ये (काहीही न बदलता काय बदलेल ते दाखवणाऱ्या रनमध्ये) या दोघांचा आणखी एक पेच आहे. ते वगळले जातात, त्यामुळे त्यांच्या आउटपुटवर अवलंबून असलेला पुढचा टास्क कोसळतो. फक्त माहिती वाचणाऱ्या कमांडवर 'चेक मोड : फॉल्स' लिहिलं की ती चेक मोडमध्येही खरी चालते आणि पुढचं सगळं सुरळीत होतं. हे सगळ्या रोल्समध्ये केल्यावर चेक आणि डिफ (बदलणाऱ्या ओळी दाखवणं) एकत्र चालवून आधी बघणं, मगच लागू करणं, ही रोजची पद्धत होऊ शकली. फक्त डिफ चालवताना एक भान ठेवा : पासवर्ड अ‍ॅन्सिबलच्या व्हॉल्टमध्ये कुलूपबंद असला तरी टेम्प्लेटच्या डिफमध्ये तो उघडाच छापला जातो. अशा टास्कवर 'नो लॉग' हवं.

मॉलिक्यूल हे रोल तपासायचं साधन नुकतंच जोडलंय. ते कंटेनर उभा करतं, रोल चालवतं, पुन्हा चालवतं आणि दुसऱ्या फेरीत काही बदललं तर नापास करतं, म्हणजे माझी कसोटी आता आपोआप होते. 'पाया' आणि वेब सर्व्हर त्यातून पार झालेत. फायरवॉलचा रोल मात्र मी कंटेनरमध्ये तपासणार नाही. कंटेनरमधला कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) यजमान मशीनचाच असल्यामुळे तिथला निकाल भरवशाचा वाटत नाही, त्यासाठी व्हर्च्युअल मशीनच बरी.

फायरवॉलमध्येच रचनेचा एक प्रश्न शिल्लक आहे. उघडायच्या पोर्ट्सची यादी ग्रुप व्हार्समध्ये एकत्र ठेवायची, की प्रत्येक सर्व्हिसच्या रोलने आपला पोर्ट स्वतः उघडायचा? दुसऱ्या पद्धतीत रोल उचलून कुठेही नेता येतो. पण सर्व्हिस काढून टाकल्यावर तिचा नियम मागे राहतो, कारण रोल यादीतून गेला की त्याचे टास्क चालतच नाहीत. पहिल्या पद्धतीत यादी हीच पूर्ण स्थिती असते, टेम्प्लेट अख्खी नियमावली नव्याने लिहितं आणि उरलंसुरलं काही राहत नाही. मी यादीच्या बाजूने आहे. एनएफटेबल्सचं (लिनक्सच्या फायरवॉलचं) टेम्प्लेट तसं लिहायला घेतलंय, तयार झालं की आधी एकाच सर्व्हरवर लावेन आणि मग सिरियल १ (एका वेळी एकच सर्व्हर) ठेवून बाकीच्यांवर.