आयर्विनला किती फूट?

पावसाळ्यात सांगलीत कुणी भेटलं की 'जेवलास का'च्या आधी 'पाणी किती फुटांवर?' असं विचारतं. कुठलं पाणी आणि कुठे, हे सांगावं लागत नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा किती चढली, एवढाच तो प्रश्न. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. हे दोन आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतात. माझ्या पोरीला ते जरा जास्तच पाठ झाले होते. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आमचं वह्या-पुस्तकांचं दुकान मारुती चौकाजवळ, वडिलांनी थाटलेलं. २००५ च्या पुरानंतर वडिलांनी आतल्या भिंतीवर लाल ऑइलपेंटनं रेघ मारली, माझ्या छातीइतक्या उंचीवर. त्यांचा हिशेब सरळ होता : पाणी वाढायला लागलं की सगळा माल रेघेच्या वर चढवायचा आणि शटर ओढून घरी यायचं. आई त्यावर कृष्णामाईची ओटी भरायची. वडील गेले, रेघ राहिली.

ऑगस्ट २०१९ मध्ये मी अगदी तेच केलं. दोन पोरं मदतीला घेऊन रात्री अकरापर्यंत गठ्ठे वर चढवले, वरून वीतभर जास्तीची उंची ठेवली आणि कुलूप लावताना मनातल्या मनात वडिलांना सांगितलंसुद्धा, की झालं बघा सगळं नीट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. रेघेच्याही वर तीन-साडेतीन फूट.

भिजलेली वही फुगते हे सगळ्यांना माहीत असतं. पण रॅकमध्ये ठासून भरलेल्या वह्या फुगल्या की त्यांना जायला जागा नसते, मग त्या रॅकच फोडतात. लाकडी खण उकलले होते. लोखंडी रॅकमधल्या वह्या हातानं निघेनात, पहार घालून उचकटाव्या लागल्या. एक दोनशे पानी गठ्ठा मी मधोमध फोडला, तर आतली पानं पांढरी, रेघा जागच्या जागी, पण एकही पान दुसऱ्यापासून सुटेना. त्या वासाबद्दल लिहीत नाही. ज्यांनी गाळ काढलाय त्यांना तो आठवत असेल, बाकीच्यांना सांगून कळणार नाही.

महिन्याभरात मी दुकान उघडलं. लोकांनी कौतुक केलं. ग्रुपवर माझा झाडू हातात घेतलेला फोटो फिरला, खाली 'सांगलीकर खचत नसतो'. एका मंडळानं शाल-श्रीफळ दिलं. त्या कौतुकाचा मला आजही राग येतो, आणि ती माणसं चांगल्या मनाची होती म्हणून तो राग कुठे काढताही येत नाही. एकदा शाल अंगावर पडली, की 'मला रात्री झोप लागत नाही हो' असं म्हणायची सोय उरत नाही.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. त्या वेळी मी रेघेवर भरवसा ठेवला नाही. टेम्पो लावून सगळा माल विश्रामबागेत मेहुण्याच्या बंगल्यात हलवला. एक वही भिजली नाही. आणि अटॅक मला आला तो त्याच पुरात, मेहुण्याकडे, कोरड्या गादीवर, पहाटे तीनला. छातीवर कुणीतरी बसलंय असं वाटलं, हाताला मुंग्या, घामानं बनियन चिंब. मी बायकोला म्हटलं, विम्याचे कागद लोखंडी कपाटात खालच्या खणात आहेत. मेहुण्यानं तसंच मिरजेला नेलं. ईसीजी काढला, रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. एकदा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा."

मी गेलो नाही. वर्षभर गेलो नाही. ॲसिडिटीच्या गोळ्या खाल्ल्या, ओवा खाल्ला, कुणी सांगितलं म्हणून रोज सकाळी अनुलोम-विलोम केलं. अटॅक येत राहिले. मधल्या काळात मी मोबाइलवर पाणी बघायला लागलो. आयर्विनची पातळी, कोयनेचा साठा, धरणातून विसर्ग किती क्युसेक, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून किती सोडलं. रात्रीत पंधरा-वीस वेळा. नदी तळाला गेलेली असायची तेव्हाही.

आता पोरीचं. आमच्या घरात कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिच्या उंचीच्या खुणा आहेत. दर वाढदिवसाला पेन्सिलीनं आडवी रेघ, शेजारी तारीख. २०२२ च्या जुलैत मी तिथली चादर काढायला गेलो, तर त्या खुणांच्या शेजारी खाली दुसरी एक ओळ उतरत आलेली दिसली. बारीक अक्षरात तारखा, आणि पुढे आकडे. १४. १६. १६. १९. २३. क्षणभर कळेना. मग कळलं. पोर पाचवीत होती. रोज सकाळी मी बाथरूमला गेलो की माझा मोबाइल उघडून ती पाण्याची पातळी बघत होती आणि कपाटात लिहून ठेवत होती.

त्यानंतर एकेक गोष्ट जुळत गेली. पावसात शाळेत पोटात दुखतं म्हणून बाईंचे तीन फोन येऊन गेले होते. आम्ही जंताचं औषध दिलं होतं. तिची रंगपेटी आणि आवडती दोन पुस्तकं तिनं प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून माळ्यावर टाकली होती. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे. २०१९ ला ती सात वर्षांची होती, पूर तिनं खिडकीतून पाहिला होता, पण तिच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. तिनं पाहिला तो मला. रात्री दोनला स्वयंपाकघरात मोबाइलच्या उजेडात उभा असलेला बाप.

दुसऱ्या दिवशी मी मिरजेला मानसोपचारतज्ज्ञांची अपॉइंटमेंट घेतली. स्वतःसाठी गेलो असं म्हणायला मला आवडलं असतं.

मॅडम साधारण माझ्याच वयाच्या. मी पुराच्या गोष्टीनं सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "आकडा बघितल्यावर बरं वाटतं ना? किती वेळ?" मी म्हटलं, पाच मिनिटं. "मग पुन्हा बघावासा वाटतो. खरूज खाजवल्यासारखं आहे हे. खाजवताना बरं वाटतं." पॅनिक अटॅक म्हणजे शरीराची धोक्याची घंटा चुकीच्या वेळी वाजणं, ती साधारण दहा मिनिटांत टिपेला जाते आणि मग आपोआप उतरते, त्यानं जीव जात नाही, हे त्यांनी कागदावर डोंगर काढून दाखवलं. तो कागद अजून गल्ल्यात आहे. गोळी सुरू केली, आणि दोन ते चार आठवडे फरक दिसणार नाही, उलट पहिले काही दिवस मळमळेल, हेही आधीच सांगितलं. हे आधी सांगितलं नसतं तर मी चौथ्या दिवशी गोळ्या फेकल्या असत्या.

शिवाय गृहपाठ. पाणी दिवसातून दोनदाच बघायचं, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. आणि आकड्यांना काम लावायचं. म्हणजे ३५ फूट झाले तर दुकानात माल माळ्यावर (माळा मी आता २०१९ च्या खुणेच्याही वर घालून घेतलाय), ४० झाले तर टेम्पो आणि आम्ही सगळे विश्रामबागेत. ३५ च्या खाली आकडा असेल तर त्या आकड्यानं आपल्याला काही करायला सांगितलेलं नाही, असं समजायचं.

पोरीशी मीच बोलावं असं मॅडमचं म्हणणं. मला वाटलं होतं, मुलांपासून हे लपवायचं असतं. "ती तुमच्यापेक्षा जास्त ओळखून आहे," त्या म्हणाल्या, "फक्त तिला त्याचं नाव माहीत नाही." रविवारी मी तिला बागेतल्या गणपतीला घेऊन गेलो. येताना भडंग घेतला, पुलाजवळ कट्ट्यावर बसलो आणि सांगितलं : पप्पांना भीतीचा आजार झालाय, औषध चालू आहे, तुझ्यामुळे झालेला नाही, आणि पाण्याकडे लक्ष ठेवणं हे तुझं काम नाही. तिनं शेंगदाणे वेचून खाल्ले. मग विचारलं, "मला पण होणार का?"

मी तयारी करून गेलो होतो, पण हा प्रश्न तयारीत नव्हता. म्हटलं, माहीत नाही. झाला तर आपण दोघं मॅडमकडे जाऊ. ती म्हणाली, "चालेल," आणि भडंगात कांदा नाही म्हणून कुरकुर केली.

पुढची कथा सरळ नाही. त्या जानेवारीत नदी कोरडीठाक दिसली म्हणून मी शहाणपणा करून गोळ्या एकदम बंद केल्या. आठवडाभर चक्कर, मानेत वीज चमकल्यासारखं, आणि पोरीवर विनाकारण ओरडलो. मॅडमनी मला झापलं. गोळी कमी करायची असते ती टप्प्याटप्प्यानं, त्यांना विचारून. वर्षभरानं तशीच कमी केली. पोरीच्या पोटदुखीसाठी त्यांच्याकडच्याच समुपदेशक ताई तिला सहा-सात वेळा भेटल्या. शेजारच्या कापड दुकानवाल्याला मी माझं सगळं सांगितलं तेव्हा तो तास-दीड तास बोलला. मिरजेला जायला तो लाजत होता, म्हणून त्याला १४४१६ हा नंबर लावून दिला. टेली-मानस, सरकारी आहे, फुकट, रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलतात. दुकानाच्या शटरवर आतून हा नंबर मी आता खडूनं लिहून ठेवलाय.

२०२४ च्या जुलैत पाणी पुन्हा चाळिशीकडे सरकलं. ३५ झाल्याबरोबर माल माळ्यावर. पोर, आता सातवीतली, खाली स्टुलावर बसून यादीवर टिक करत होती आणि मला गठ्ठ्यांचा क्रम चुकतोय म्हणून सुनावत होती. त्या रात्री दोनला मी उठलो. स्वयंपाकघरात गेलो, मोबाइल काढला. मागे पावलं वाजली.

"पप्पा, दोनदाच."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं तो न बघता फ्रिजवर ठेवला, पाणी प्यायली आणि विचारलं, "किती होतं?"

"सदतीस."

"मग अजून तीन आहेत," ती म्हणाली आणि जाऊन झोपली. मला पाचपर्यंत झोप लागली नाही. मोबाइल मात्र फ्रिजवरच होता.