मोहाच्या झाडाखालचा पाला: वणवा रोखण्याचा आमचा अनुभव

होळी झाली की आमच्या जंगलात पाऊल टाकलं तरी पापड मोडल्यासारखा आवाज होतो. साग, ऐन, तेंदू, सगळ्यांचा पाला खाली आलेला असतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या आमच्या कोरची भागात मी लहानपणापासून रात्री डोंगरावर लाल रेघ बघत आले. तेव्हा ती छान वाटायची. आता ती दिसली की पोटात गोळा येतो.

गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि जंगल राखायचं काम ग्रामसभेकडे आलं. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 तेच सांगतं. व्यवस्थापन समितीत माझं नाव आलं तेव्हा बैठकीत बांबू, तेंदूपत्ता आणि हिशेब एवढंच बोलणं व्हायचं. वणव्याचा विषय मी काढला. सलग दोन उन्हाळे आमच्या हद्दीत आग लागली होती, आणि पावसाळ्यात त्या जागी फिरले तर चारोळीचं एकही नवं रोप दिसलं नव्हतं. मोठी झाडं उभी राहतात, त्यामुळे लांबून काही बिघडलंय असं वाटत नाही. पण आग जमिनीलगत सरकते. रोपं, पडलेलं बी, तित्तराची अंडी, सगळं त्या गुडघाभर ज्वाळेत जातं.

पहिल्या वर्षी आम्ही सगळा जोर जाळरेषेवर, म्हणजे बाहेरची आग आत येऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्यावर, लावला. जानेवारीत हद्दीवरचं गवत कापलं, ते पट्ट्यातच वाळू दिलं आणि पहाटे दंव असताना, दोन्ही बाजूंना माणसं उभी करून जाळलं. वन विभाग वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतो, म्हणून हे काम त्याआधी उरकावं लागतं. बीटच्या गार्डांनी वारा कसा बघायचा ते शिकवलं. चढावर आग माणसापेक्षा जोरात पळते, तिच्या वरच्या अंगाला कधी उभं राहायचं नाही, हेही त्यांनीच बजावलं.

भारतीय वन सर्वेक्षणाच्या अलर्टसाठी आमच्यातल्या तिघांचे मोबाइल नंबर नोंदवले. उपग्रहाला आग दिसली की मेसेज येतो. पण ज्या उपग्रहांच्या चित्रात एक टिपका म्हणजे जमिनीवरचा 375 मीटरचा तुकडा असतो, ते आपल्यावरून जातात दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास. मधल्या वेळात पेटलेलं त्यांना उशिरा कळतं. मेसेजचा उपयोग होतो, पण त्याच्या भरवशावर घरी बसता येत नाही.

एवढं करूनही मार्चअखेर आग लागलीच. ती बाहेरून जाळरेषा ओलांडून आली नव्हती. आमच्याच मोहाच्या झाडाखालून निघाली होती.

मोहफूल पहाटे गळतं. पाल्यात पडलं की सापडत नाही, म्हणून झाडाखालचा पाला जाळायचा, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. जागा मोकळी असली की साप-विंचूही दिसतो. त्या संध्याकाळी माझ्या मामेसासूबाईंनी पाला पेटवला, विझला असं वाटल्यावर त्या घरी आल्या, आणि रात्री वारा सुटला.

आम्ही वीसेक जण पळसाच्या ओल्या डहाळ्या घेऊन धावलो. डहाळी उंच उचलून आपटली की ठिणग्या उडतात; ती दाबून जळलेल्या बाजूकडे ओढायची असते. डोळ्यांत धूर, घशाला कोरड. दोनच्या सुमारास ज्वाळा संपल्या आणि सगळे घरी आलो. इथे आमची मोठी चूक झाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिथूनच पुन्हा धूर निघाला. ऐनाचं एक आडवं खोड आतून जळत राहिलं होतं. वर पांढरी राख, कुऱ्हाडीनं फोडलं तर आत चुलीतल्या निखाऱ्यासारखं लालभडक. दुपारचा वारा लागला आणि त्याच खोडानं बाजूचा पाला धरला. आधीच्या रात्री वाचलेला उतार त्या दिवशी गेला. तेव्हापासून आग विझल्यावर चार जण मागे थांबतात. खोड फोडायचं, माती ओढायची, राखेजवळ हात उलटा धरून बघायचं. धग लागली तर जागा सोडायची नाही.

नंतरच्या सभेत दंडाची भाषा झाली. राखीव जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हाच आहे. पण दंड बसवला तर पुढच्या वेळी आग कुठून लागली हे कुणी सांगणारच नाही, असं मला वाटत होतं. मामी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पाला जारला नाई त फूल दिसन कसा?" सभा गप्प झाली. जाळरेषेला हात लावण्याआधी हा प्रश्न आम्ही बायकांना विचारायला हवा होता.

पुढच्या हंगामात मामींच्याच झाडापासून सुरुवात केली. खराट्यानं झाडाखाली गोल मोकळा केला, चार जुन्या साड्या एकमेकींना शिवून अंथरल्या, कडांवर दगड ठेवले. पहाटे गेलो तर साडीच्या पोटात पिवळसर, रसानं टंच फुलं साचलेली. माती नाही, राख नाही. मामींनी एक फूल उचलून तोंडात टाकलं आणि काही न बोलता साडीची कड धरली. दोघींनी मिळून फुलं टोपलीत ओतली.

अडचणी आल्या. गुरं साड्या तुडवून फुलं खाऊन गेली, म्हणून पहाटे लवकर पोचावं लागलं. ज्यांची दहा-बारा झाडं, त्यांना साड्या पुरेनात. त्यांच्यासाठी ग्रामसभेनं तेंदूच्या पैशातून हिरवी जाळी घेतली. तेंदूला चांगली पालवी फुटावी म्हणून रान पेटवणारेही असतात, त्यासाठी ठेकेदाराच्या करारनाम्यात अट घातली: झुडपं जमिनीलगत छाटायची, आग लावायची नाही.

गेल्या उन्हाळ्यात मोहाच्या एकाही झाडाखालून आग निघाली नाही. एक लागली ती डांबरी रस्त्याच्या बाजूनं, बहुतेक कुणाच्या बिडीनं, आणि दिवस मावळायच्या आत विझली. मागे थांबणाऱ्या चौघांत मामींचा नातू होता. यंदा जानेवारीत जाळरेषेचं काम आम्ही रस्त्याकडूनच सुरू करणार आहोत.