जर्नल-पॅकेज सोडताना केलेला हिशेब

‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही संशोधन-जर्नलांच्या सामायिक वर्गणीची केंद्र सरकारची योजना जानेवारी २०२५ पासून सुरू झाली, पण ती सरकारी संस्थांसाठी. आमचे महाविद्यालय खासगी, त्यामुळे पॅकेजचे, म्हणजे प्रकाशकाच्या अनेक जर्नलांच्या एकत्रित वर्गणीचे, नूतनीकरण करायचे की नाही हे आम्हालाच ठरवायचे होते.

विक्रेता एकूण किमतीला एकूण डाउनलोडने भागून दाखवतो. आकडा स्वस्त दिसतो, पण त्यातून काही ठरवता येत नाही. ऑनलाइन वापर मोजण्याचे ‘काउंटर’ नावाचे प्रमाणित नियम आहेत; त्यांनुसार कोणत्या जर्नलातले लेख किती वेळा उघडले हे सांगणारा टीआर-जे१ अहवाल मी तीन वर्षांचा मागवला. त्यात ‘युनिक आयटम रिक्वेस्ट’ धरावी. ‘टोटल’मध्ये एकच लेख एचटीएमएल आणि पीडीएफ असा दोनदा मोजला जातो. मग टीआर-जे४ या दुसऱ्या अहवालातून लेखांच्या प्रकाशनवर्षानुसार वापर पाहिला. पैसे भरलेल्या वर्षांचे कायमचे हक्क करारात असतील, तर ते अंक वर्गणी थांबल्यावरही उघडतात. तेवढा वापर वजा केला. करार मात्र बारकाईने वाचावा. हे हक्क बहुधा मूळ वर्गणीच्या जर्नलांनाच असतात, पॅकेजसोबत आलेल्या शेकडो नावांना नसतात.

उरलेला वापर मोजक्या जर्नलांत गोळा झालेला दिसला. तेवढीच सुटी घ्यावीत म्हटले, तर खरी मेख कळते: सुट्या किमती अशा ठेवलेल्या असतात की थोडी नावे घेतली तरी बेरीज पॅकेजच्या जवळ जाते. वर दरवर्षीची ठरलेली वाढ. पॅकेजला कात्री लावता येत नाही म्हणून ती पुस्तकांना आणि लहान विद्वत्संस्थांच्या जर्नलांना लागते. वर्गणीदार गेले की तीच जर्नले मोठ्या प्रकाशकाच्या आसऱ्याला जातात आणि पॅकेज आणखी फुगते. कॅलिफोर्निया विद्यापीठाने २०१९ मध्ये एल्सेव्हियर या बड्या प्रकाशकाच्या वर्गणीचे नूतनीकरण थांबवले आणि २०२१ मध्ये नवा करार केला. एकट्या महाविद्यालयाला तेवढा जोर कुठला? (तपासणीला येणाऱ्यांना जर्नलांची संख्याच हवी असते, हा आणखी एक ताप.)

आम्ही विभागप्रमुखांना वापराची यादी दाखवून सर्वाधिक वाचली जाणारी जर्नले सुटी घेतली. बाकी लेखांसाठी आधी अनपेवॉल (लेखाची कायदेशीर मोफत प्रत शोधून देणारी सेवा), मग डेलनेट (ग्रंथालयांचे देवाणघेवाणीचे जाळे), शेवटी थेट लेखकाला ईमेल.

वर्गणी जानेवारी ते डिसेंबर, अंदाजपत्रक एप्रिल ते मार्च. त्यामुळे रद्द करण्याच्या सूचनेची मुदत हातून निसटू शकते. करारातली ती तारीख आधी शोधा, अहवाल जुलैतच मागवा. डॉलरच्या दरासाठी थोडी रक्कम राखून ठेवा. वर्गणी थांबल्यावर टीआर-जे२ अहवाल दर तिमाहीला पाहतो. वर्गणी नसल्याने वाचकाला लेख उघडता आला नाही, अशा परत पाठवलेल्या विनंत्या त्यात दिसतात. त्या एखाद्या नावावर साचल्या, तर तेवढेच जर्नल पुन्हा घेतो.