नऊ बाइट

एप्रिलमध्ये नागपुरातल्या मायक्रोप्रोसेसर लॅबमधला कूलर हवेपेक्षा आवाजच जास्त देतो. टेबलावर ८०८५ या मायक्रोप्रोसेसरचा किट. त्यावर सहा लाल आकडे: चार पत्त्याचे, दोन त्या पत्त्यावरच्या बाइटचे. काम एवढंच, पाचात तीन मिळवायचे.

२००० या पत्त्यापासून भरायचं, आकडे हेक्समधले, म्हणजे सोळाच्या पायावरचे: ३ई ०५, ०६ ०३, ८०, ३२ ५० २०, ७६. म्हणजे ए मध्ये (ए, बी ही प्रोसेसरमधलीच छोटी घरं, रजिस्टरं) ५ घाल, बी मध्ये ३ घाल, बी ए मध्ये मिळव, उत्तर २०५० वर ठेव, थांब. पत्ता लिहिताना ५० आधी, २० नंतर. ८०८५ची रीतच तशी. सरळ लिहिला तर उत्तर ५०२० कडे जातं, आणि तिथे मेमरी असेलच असं नाही.

प्रोग्राम काउंटरमध्ये, म्हणजे पुढचा बाइट कुठून आणायचा ते सांगणाऱ्या रजिस्टरमध्ये, २०००. घड्याळाच्या पहिल्या ठोक्याला हा पत्ता बसवर, म्हणजे मेमरीकडे जाणाऱ्या तारांवर, दुसऱ्याला वाचण्याची लाइन खाली आणि काउंटर २००१ वर, तिसऱ्याला ३ई इन्स्ट्रक्शन रजिस्टरमध्ये, चौथ्याला त्याचा अर्थ: पुढचा बाइट ए मध्ये. तो आणायला आणखी तीन ठोके. सगळ्या प्रोग्रामचे मिळून ३६ ठोके. ३ मेगाहर्ट्झवर १२ मायक्रोसेकंद. भरायला मात्र पाच मिनिटं, तीही बोट न घसरलं तर.

समजा ०५ भरायचा राहिला. मग ३ई च्या पाठोपाठ येतो ०६, म्हणून ए मध्ये ६. आता ०३ ची पाळी आदेश म्हणून येते, आणि आदेश म्हणून ०३ चा अर्थ 'बी-सीची जोडी एकने वाढव'. मघाचा साधा तीन! पुढे सगळं सुरळीत. २०५० वर सहा अधिक बी मध्ये तेव्हा जे काही पडलेलं असेल ते. तर्रीपोहेवाला निदान विचारतो, "दोन काय भाऊ, पोहे की तर्री?" हा ८०८५ विचारत नाही.

७६ विसरलात तर आणखी मजा. तो पुढच्या पत्त्यावर जे असेल ते आदेश समजून वाचत सुटतो. तिथे एफएफ निघाला तर परतीचा पत्ता स्टॅकवर, म्हणजे मेमरीतल्या त्यासाठीच्या जागेत, टाकून थेट ००३८ वर. मग रीसेट, काउंटर ०००० वर; आपल्या गावात झिरो माइल असल्यानं हे पोरांना वेगळं सांगावं लागत नाही.

रीसेटनं रॅम पुसली जात नाही. चुकलेला बाइट जागच्या जागी दिसतो, तेवढा सुधारायचा. लाइट गेली तर मात्र पुन्हा ३ई पासून.