अपघात विभागात केस पूर्ण होणे म्हणजे काय

मराठवाड्यातल्या एका शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागात मी परिचारिका म्हणून रुजू झाले, त्याला यंदा सोळा वर्षे झाली. "एवढे रक्त, एवढी रडारड रोज कशी सहन करता?" हा प्रश्न मला घरच्या पाहुण्यांपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत अनेकांनी विचारला आहे. रक्ताची सवय पहिल्या दोन-तीन महिन्यांतच होते. सवय होत नाही ती अर्धवट सुटलेल्या गोष्टींची. वॉर्डातल्या सिस्टरला रुग्ण दाखल होण्यापासून त्याला सुट्टी मिळेपर्यंत, किंवा तो दगावेपर्यंत, सगळे दिसते. आमच्याकडे मात्र रुग्ण येतो तेव्हा अनोळखी असतो आणि तासा-दोन तासांत आयसीयूत, ऑपरेशन थिएटरमध्ये, १०८ मधून मोठ्या रुग्णालयाकडे किंवा शवागाराकडे जातो. त्याचे पुढे काय झाले, हे कळण्याआधीच दारात दुसरी ट्रॉली लागलेली असते. या विभागातला बराचसा ताण तिथूनच येतो, असे माझे मत झाले आहे, आणि तो हलका करण्याच्या ज्या रीती खरोखर उपयोगी पडतात, त्या कोणत्या ना कोणत्या प्रकारे त्या केसला शेवट देणाऱ्या असतात.

हे मला एका रात्रीमुळे कळले. पावसाळा संपत आला होता आणि फवारणीचे दिवस होते. आमच्या भागात 'औषध घेतले' असे कोणी दारातून ओरडत आले, तर त्याचा अर्थ विष घेतले, हे विचारावे लागत नाही. पंचविशीच्या आतला एक शेतकरी मुलगा आणला गेला. तोंडाला फेस, घामाने भिजलेला सदरा, टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या. अशा विषबाधेत अॅट्रोपिन हे उताऱ्याचे इंजेक्शन द्यावे लागते आणि छातीतली घरघर थांबेपर्यंत दर पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करावी लागते. आमच्याकडे येणाऱ्या एका अँप्यूलमध्ये, म्हणजे काचेच्या छोट्या कुपीत, ०.६ मिलिग्रॅम औषध असते. म्हणजे आधी तीन, मग सहा, मग बारा, मग चोवीस, अशा पहिल्या पंधरा मिनिटांतच पंचेचाळीस अँप्यूल फोडाव्या लागतात. मी आणि माझी जोडीदार सिस्टर काचेच्या माना मोडत होतो, कापसातूनही काच बोटाला लागत होती आणि डॉक्टर मोठ्याने आकडे सांगत होते. त्याच गडबडीत डॉक्टरांनी मुलाच्या वडिलांना सांगितले होते की, त्याने कोणते औषध घेतले ते कळायला हवे, डबा असेल तर घेऊन या. वडील कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून गावाकडे निघून गेले.

मुलगा अडीच तासांनी गेला. त्याच वेळी झटके येणारे एक बाळ आत आले, म्हणून मी तिकडे धावले. थोड्या वेळाने वडील परत आले, तेव्हा त्यांच्या हातात पंच्यात गुंडाळलेली बाटली होती. ती माझ्यापुढे धरून त्यांनी विचारले, "सिस्टर, यावरून आता औषध देता येईल ना?" बाळाच्या सलाइनची सुई माझ्या हातात होती. मी मान वळवून एवढेच म्हणाले, "बाबा, आता तिची गरज नाही." पुढचे सगळे त्यांना कोणी सांगितले, ते मला माहीत नाही. बाळ वाचले. सकाळी आठ वाजता ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीकडे काम सोपवताना, रजिस्टरवर सही करायला पेन धरले, तेव्हा हात थरथरायला लागला आणि सहीची रेघ ओळीबाहेर गेली. ते वाक्य मी ज्या पद्धतीने बोलले, त्याचे मला आजही वाईट वाटते. ते मन घट्ट झाल्यामुळे झाले नव्हते. दोन रुग्णांच्या मध्ये एक मिनिटही नव्हते, म्हणून झाले.

त्यानंतर मी आमच्याच विभागातली माणसे अधिक लक्ष देऊन पाहू लागले. एक ज्येष्ठ सिस्टर प्रत्येक सीपीआरनंतर, म्हणजे छाती दाबून हृदय चालू करण्याच्या प्रयत्नानंतर, रुग्ण वाचो वा न वाचो, तातडीच्या औषधांची आणि उपकरणांची क्रॅश ट्रॉली स्वतःच्या हाताने भरत असत. अँप्यूल मोजून रांगेत लावणे, घशात नळी घालताना लागणाऱ्या लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटतो की नाही ते पाहणे, कप्प्यांवरून ओले फडके फिरवणे, हे त्या कोणालाही करू देत नसत. नवख्यांना ती त्यांची शिस्त वाटे. ती शिस्त होतीच, पण तेवढ्या दहा मिनिटांत त्या झालेल्या केसमधून बाहेर पडत असत. आमचे एक मामा (वॉर्डबॉयला आम्ही मामाच म्हणतो) शव पोहोचवून आले की, चहा घेण्याआधी कोपरापर्यंत हात धुतात आणि तेव्हा त्यांच्याशी कोणी बोलत नाही. एक निवासी डॉक्टर मात्र सरळ मोबाईल काढून बसत आणि महिन्याभरात 'तीन नंबरचे पॉयझनिंग', 'बाहेरचा हेड इंज्युरी' एवढेच बोलू लागले. नावे गळून पडणे ही धोक्याची पहिली खूण आहे, असे मी आता नव्या मुलींना सांगते. क्रिस्टिना मास्लाक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९८१ मध्ये सहकाऱ्यासह कामातून येणारा हा ऱ्हास, म्हणजे 'बर्नआउट', मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिच्यात भावनिक थकवा आणि आपल्या कामाचे मोल उरले नाही असे वाटणे, यांच्या जोडीने समोरच्या माणसाला वस्तू समजू लागणे हेही स्वतंत्र लक्षण म्हणून धरले आहे. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या वर्गीकरणात या अवस्थेला आजार न म्हणता कामाच्या ठिकाणाशी निगडित बाब म्हटले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. कारण आमच्याकडे या विषयावर कार्यशाळा झाली की प्राणायाम शिकवला जातो. प्राणायाम मी रोज करते. पण रात्रपाळीला दोनच सिस्टर असतील, तर त्यातल्या एकीने दीर्घ श्वास घेतल्याने तिसरी उभी राहत नाही.

अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयातील जोनाथन बार्टल्स या परिचारकाने सुरू केलेल्या एका साध्या प्रथेबद्दल मी वाचले. रुग्ण दगावल्याचे जाहीर झाल्यावर खोलीतल्या कोणीही सर्वांना थांबायला सांगायचे आणि सगळ्यांनी मिनिटभर गप्प उभे राहायचे, त्या माणसासाठी आणि त्याच्यासाठी झटलेल्यांसाठी. मी आमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना ते सांगितले तेव्हा ते म्हणाले, "सिस्टर, आपल्याकडे मिनिट कुठून आणायचे?" तरीही आम्ही सुरुवात केली. पहिल्या वेळी सगळे अवघडून उभे होते, मॉनिटर बंद करायचा राहून गेला होता आणि तो सरळ रेषेचा सूर तेवढा ऐकू येत होता. आता मामा आठवणीने आधी मॉनिटर बंद करतात. प्रत्येक वेळी हे जमत नाही. एखाद्या बस अपघाताच्या रात्री तर अजिबात जमत नाही. पण जमते तेव्हा पुढच्या ट्रॉलीकडे जाणारे पाऊल वेगळे पडते, हे मी स्वतः अनुभवले आहे.

याच ओघात एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण तिच्याबाबत चांगल्या हेतूने चूक होते. मोठ्या घटनेनंतर सगळ्यांना लगेच खोलीत बसवून, काय पाहिले आणि काय वाटले ते एकेकाला सांगायला लावणे उपकारक असते, असा समज पूर्वी होता. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक त्रास टळत नाही, असे अभ्यासांतून दिसले आणि ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांनी २००५ मध्येच ती पद्धत नियम म्हणून वापरू नये, असे सांगितले. माझा अनुभवही तोच आहे. त्या वेळी माणसाला पाणी, खुर्ची, काहीतरी खायला आणि घरी सोबत कोण येणार, एवढे हवे असते. बोलायचे असेल तर तो बोलतो, आणि बहुधा ज्याच्याबरोबर अँप्यूल फोडल्या त्याच्याशीच बोलतो. पंधरवड्यानंतरही झोप लागत नसेल, तोच चेहरा डोळ्यांसमोर येत असेल, तर मात्र मानसोपचार विभागात जायलाच हवे. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलीमानस ही मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ क्रमांकाची फोनसेवाही आहे. आमच्यातल्या एका मुलीने तिथूनच मदत घ्यायला सुरुवात केली, कारण स्वतःच्याच रुग्णालयात केसपेपर काढला तर नोकरीच्या गोपनीय अहवालात काहीतरी येईल, अशी तिला भीती होती. ही भीती घालवणे प्रशासनाच्या हातात आहे.

मारहाणीबद्दल लिहिल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ शकत नाही. मार्च २०१७ मध्ये धुळ्यात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला इतके मारले की, त्याच्या डोळ्याला कायमची इजा झाली. त्यानंतर राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर राहिले. अशा हल्ल्यांविरुद्ध २०१० चा राज्याचा कायदा आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. पण माझ्या अंगावर लोखंडी स्टूल आले, त्या रात्री पोलीस चौकीत जबाब देऊन मी पहाटे तीन वाजता परत त्याच विभागात ड्रेसिंग करत उभी होते, कारण बदली द्यायला माणूस नव्हता. बहुतेक भडके मी एकाच प्रकारे उडताना पाहिले आहेत: दार बंद, आत धावपळ, आणि बाहेरच्यांना तासभर कोणी काहीच सांगितलेले नाही. बाटली घेऊन आलेले ते वडील शांत होते. सगळे तसे नसतात, आणि त्यांनी तसे असावे अशी अपेक्षा आपण करू नये. म्हणून आता आमच्याकडे गंभीर रुग्ण आला की, एका माणसाला फक्त नातेवाइकांसाठी मोकळे ठेवले जाते. बहुतेकदा ते मामा असतात, कधी समाजसेवा अधीक्षक, आणि मृत्यूची बातमी डॉक्टर स्वतः बाहेर येऊन, नातेवाइकांना बसवून सांगतात. यामुळे नातेवाइकांची सोय झाली, पण त्याहून अधिक आमची झाली. आतला माणूस आता पाठीमागे कान ठेवून काम करत नाही. रात्रपाळीला तिसरी सिस्टर मात्र अजून मिळालेली नाही. त्यासाठीचा अर्ज दुसऱ्यांदा दिला आहे.

सगळ्यात कमी खर्चात झालेली गोष्ट म्हणजे एक वही. आम्ही वर पाठवलेल्या रुग्णांचे पुढे काय झाले, ते वॉर्डात फोन करून कोणीतरी दुपारच्या पाळीत तिच्यात लिहिते. नाव लिहायचे नाही, केसपेपरचा नंबर आणि एक ओळ, आणि वही विभागाबाहेर न्यायची नाही. 'पाय वाचला.' 'तिसऱ्या दिवशी गेले.' 'स्वतःहून जेवतो.' वाईट ओळीही वाचायला हव्यात का, यावर आमच्यात वाद झाला होता. मी हव्यात म्हणाले.

मागच्या आठवड्यात नव्या सिस्टरने पर्स ठेवण्याआधीच वही उघडली. मण्यार चावलेली एक सात वर्षांची मुलगी आली होती. जमिनीवर झोपलेली असताना साप चावला होता, पापण्या मिटत चालल्या होत्या, बोलताना जीभ जड झाली होती, आणि मामांनी तिची ट्रॉली जिन्याच्या उतारावरून अक्षरशः पळवत आयसीयूत नेली होती. सिस्टरने मोठ्याने वाचले, "व्हेंटिलेटर काढला. मंगळवारी घरी."

मामा ऑक्सिजनचा सिलिंडर ढकलत होते. ते थांबले. "कोणती? ती पिवळ्या फ्रॉकवाली?"

"हो."

त्यांनी मान हलवली, सिलिंडर जागेवर नेऊन लावला आणि दारात थांबलेल्या रुग्णवाहिकेकडे गेले.