पाच अंकांचा रकाना

२२ मार्च २०२०, रविवार. आमच्याकडे सकाळचे साडेसात, मुंबईत संध्याकाळचे पाच. भावाने डोंबिवलीहून व्हिडिओ कॉल लावला होता. जनता कर्फ्यूचा दिवस, अख्खी सोसायटी गॅलरीत येऊन थाळ्या बडवत होती. "ऐक, ऐक," म्हणत तो फोन खिडकीबाहेर धरत होता आणि त्याच वेळी माझा ऑफिसचा फोन वाजत होता. छपाई विभागातल्या बाई होत्या. एरवी वर्षातून दोनदा फोन करतात. म्हणाल्या, "पाकिटं पुरणार नाहीत. तुमच्या जॉबमधून तीच पत्रं परत परत येताहेत का, जरा बघा." जॉब म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम.

मी अमेरिकेच्या पूर्वेकडच्या एका राज्यात बेरोजगारी विम्याच्या यंत्रणेवर काम करतो. १९९९ मध्ये वाय-टू-केच्या, म्हणजे संगणकांतल्या २००० सालच्या तारखा दुरुस्त करायच्या लाटेत कोबोल ही जुनी प्रोग्रामिंगची भाषा शिकून इकडे आलेली जी मराठी पोरं होती, त्यांतला मी एक. बाकीचे पुढे दुसरीकडे वळले, मी मेनफ्रेमवरच, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतल्या मोठ्या जुन्या धाटणीच्या संगणकांवरच राहिलो.

नोकरी गेली की माणूस क्लेम लावतो, म्हणजे बेरोजगारी भत्त्यासाठी अर्ज करतो. मागच्या पाच पूर्ण तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्यांचा पगार बघून आठवड्याचा भत्ता ठरतो आणि तसं पत्र त्याच्या घरी जातं. बाई बोलत होत्या ती हीच पत्रं. ज्या आठवड्यात क्लेम आले, त्या आठवड्याची मोजणीही होते. आमचा आठवडा रविवार ते शनिवार. शनिवारी रात्री तो बंद झाला की मोजणीचा जॉब चालतो, नव्या क्लेमचा आकडा निघतो, आणि पुढच्या दोन-तीन दिवसांत वॉशिंग्टनला श्रम खात्याकडे जातो. सगळ्या राज्यांचे आकडे मिळून गुरुवारी सकाळी साडेआठला जाहीर होतात. शेअर बाजारवाले त्याची वाट बघत असतात. महिन्याचा बेरोजगारीचा दर नमुन्यातल्या घरांना विचारून काढतात. हा आकडा मोजलेला असतो. एकेक क्लेम, एकेक माणूस. माझ्या कामातलं मला सगळ्यात जवळचं जे आहे, ते हेच.

बाईंचा फोन ठेवला आणि लॉगिन केलं. पत्रांची फाइल उघडली, सोशल सिक्युरिटी नंबरावर सॉर्ट लावला, दुबार नावं काढली. फारशी निघालीच नाहीत. पत्रं खरी होती आणि आठवड्याची बेरीज लाखाच्या वर जात होती.

मग मोजणीचा अहवाल उघडला. तिथे पाच आकडी संख्या होती.

ती पाच आकडी संख्यासुद्धा आमच्या राज्यासाठी जबर मोठी होती. २००९ च्या मंदीतही आम्ही तिथवर गेलो नव्हतो. म्हणून रात्रपाळीच्या कुणालाच काही खटकलं नव्हतं. जॉब हिरवा होता, कुठे अबेंड नाही, म्हणजे मध्येच बंद पडणं नाही, एरर नाही. मी मात्र पत्रांची बेरीज आणि अहवालातली संख्या एकाखाली एक लिहिली. शेवटचे अंक जवळपास जुळत होते. फरक होता तो सुरुवातीच्या एकाच अंकाचा. वहीवर ते बघितलं आणि पोटात गोळा आला.

प्रोग्राम उघडला. मोजणीचा रकाना: पिक नाइन, कंसात पाच. म्हणजे पाच अंकांची जागा. ९९,९९९ पर्यंत सगळं ठीक. त्यात एक मिळवला की १,००,००० होतात, पण बसायला जागा पाचच अंकांची. अशा वेळी काय करायचं ते प्रोग्राममध्ये सांगून ठेवलं नसेल, तर कोबोल डावीकडचा अंक टाकून देतं, रकान्यात पाच शून्यं ठेवतं आणि पुढे मोजत राहतं. कुणाला हाक मारत नाही. शुक्रवारी की शनिवारी आलेला कुठल्याशा एका माणसाचा क्लेम मोजला गेला आणि त्याच्या आधीची लाख माणसं अहवालातून गेली.

प्रोग्रामच्या डोक्यावर तारीख होती १९८३ ची. लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. त्याने नुकतंच १९८२ पाहिलेलं होतं. ऑक्टोबर १९८२ मधल्या एका आठवड्यात देशभर ६,९५,००० नवे क्लेम आले होते आणि २०२० च्या मार्चपर्यंत तोच उच्चांक होता. सगळ्यात वाईट काळ बघून, त्यावर भरपूर जागा सोडून त्याने पाच अंक ठेवले होते.

१९८२ म्हटलं की मला दुसरंच आठवतं. मी दहा वर्षांचा होतो, बाबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार घरी बसले आणि त्यांतल्या कितीतरी जणांना गिरणीने परत घेतलंच नाही. आमच्या चाळीत दर आठवड्याला कुणी मोजायला येत नव्हतं. आज कुणाच्या घरची चूल बंद, कोण गावाला गेलं, हे आईला पाण्याच्या नळावर कळायचं. त्या रविवारी स्क्रीनसमोर बसून मला सारखं वाटत होतं की इथे निदान मोजायची सोय आहे, आणि ती मोजणी आज माझ्या हातातून चुकते आहे.

सुपरवायझरला फोन केला. तिने एकच विचारलं, "श्रम खात्याला गेला का आकडा?" अजून गेला नव्हता. तातडीच्या बदलाची परवानगी तिने अर्ध्या तासात आणली, रविवार असूनही.

पाचाचे सात करायचे, हे बोलायला सोपं. पण तो रकाना कॉपीबुकमध्ये, म्हणजे रेकॉर्डमधल्या रकान्यांच्या सामायिक आराखड्यात होता आणि तो आराखडा अनेक प्रोग्राम वापरत होते. रेकॉर्डची लांबी दोन अक्षरांनी वाढली की पुढचा प्रत्येक रकाना दोन घरं सरकतो. एखादा प्रोग्राम नव्या आराखड्यासह कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत पुन्हा उतरवायचा राहिला, तर तो तारखेच्या जागी पगार वाचेल. माझ्याबरोबर आमच्या टीममधला नांदेडचा पोरगा बसला होता, तो त्याच्या घरी आणि मी माझ्या, मध्ये फोन चालू. तो यादी वाचायचा, मी कंपाइल करायचो, तो खूण करायचा. दुपारी जेवायला उठलो नाही. बायकोने थालीपीठ कीबोर्डशेजारी आणून ठेवलं.

चाचणीसाठी खऱ्या फाइलमधली काही रेकॉर्ड घेतली होती. नावं झाकलेली, वेळ तशीच. मी वेळेच्या रकान्यावर अडकलो. ०२४७. ०३१२. ०३५८. ०४०५. रात्री दोन-तीन-चार वाजता लोकांनी क्लेम लावले होते. दिवसा वेबसाइट उघडत नव्हती, फोन लागत नव्हता, म्हणून माणसं गजर लावून उठली असणार. किंवा झोपलीच नसणार. व्यवसायाच्या रकान्यात वेटर, स्वयंपाकी, हॉटेलची सफाई, केस कापणारे, पुन्हा वेटर. मी "दादा, पुढचं?" ऐकूनही बराच वेळ खाली-वर करत राहिलो.

संध्याकाळी सहाच्या सुमाराला जॉब पुन्हा चालवला. सहा आकडी संख्या आली. पत्रांच्या बेरजेशी ताडून पाहिली. बाईंना फोन करून सांगितलं, पत्रं बरोबर आहेत, पाकिटं मागवा.

फोन ठेवायच्या आधी पोराने विचारलं, "दादा, आपलं प्रोजेक्ट बंद पडलं तर मला हे मिळेल का हो?" तो एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर. मी त्याला खोटं सांगू शकलो नाही. भत्ता घ्यायचा तर लगेच दुसऱ्या कामाला उभं राहता येण्यासारखी परिस्थिती लागते, आणि व्हिसा एकाच कंपनीशी बांधलेला असला की बहुतेक ठिकाणी तिथेच घोडं अडतं. नोकरी गेली की साठ दिवसांत दुसरी शोधायची, नाहीतर देश सोडायचा. तो "बरं" म्हणाला. दिवसभर ज्याने लाख माणसांची मोजणी नीट केली, तो त्या मोजणीत कधी येण्याची शक्यता नव्हती. हा नियम मला आजही पटत नाही.

बुधवारी पाडवा होता. गुढी उभारली, दुकानं बंद म्हणून साखरेची गाठी नव्हती.

गुरुवारी, २६ मार्चला, साडेआठला मी टीव्ही लावून बसलो. देशभरातले नवे क्लेम ३२,८३,०००. आदल्या आठवड्यात २,८२,००० होते. निवेदकाने आकडा दोनदा वाचला. आलेखात जुनी सगळी वर्षं, १९८२ आणि २००९ धरून, जमिनीला लागली आणि उजव्या टोकाला एक सरळ उभी रेघ.

पण प्रत्यक्ष मोजलेले क्लेम होते २८,९८,४५०. वरचा आकडा मोसमी फरक काढून टाकलेला. नाताळनंतर दुकानांतली तात्पुरती माणसं सुटतात, उन्हाळ्यात कारखाने बंद राहतात, असे दरवर्षीचे चढउतार वगळायला एका गुणकाने हिशेब करतात. नेहमीच्या आठवड्यात त्याने पडणारा फरक हजारांतला असतो. त्या आठवड्यात त्याच गुणकाने पावणेचार लाखांहून जास्त क्लेम कागदावर वाढवले. साथीला कसला आलाय मोसम? सप्टेंबरपासून श्रम खात्याने गुणाकार सोडून बेरजेची पद्धत घेतली, ते योग्यच झालं.

शुक्रवारी मदतीच्या कायद्यावर सही झाली. भत्ता घेणाऱ्या प्रत्येकाला आठवड्याला ६०० डॉलर जादा. सगळ्यांना सारखे का, ज्याच्या-त्याच्या पगाराच्या प्रमाणात का नाहीत, असं पुष्कळांनी विचारलं. एक मोठं कारण आमच्यासारख्या जुन्या यंत्रणाच होत्या. माणसागणिक टक्केवारीचा हिशेब बसवायला बऱ्याच राज्यांना महिने लागले असते. सरसकट रक्कम लवकर घालता येत होती, आणि घरभाडं पहिल्या तारखेला द्यायचं होतं. पुढच्या आठवड्यात, ४ एप्रिलला, न्यू जर्सीच्या राज्यपालांनी कोबोल येणारे स्वयंसेवक हवेत असं जाहीर आवाहन केलं, तेव्हा दोन निवृत्त मित्रांचे मला फोन आले की कुठे नाव द्यायचं.

२८ तारखेच्या शनिवारी रात्री मी झोपलो नाही. जॉब सुरू झाला तेव्हा शेजारी बसून होतो. सहा आकडी संख्या आली, गेल्या आठवड्यापेक्षा मोठी. देशाचा त्या आठवड्याचा आकडा पुढच्या गुरुवारी ६६,४८,००० निघाला.

पहाटे मी दुसरी फाइल उघडली. क्लेम लावला की काम संपत नाही, दर आठवड्याला परत येऊन सांगावं लागतं: या आठवड्यात काम केलंत का, करायला तयार होतात का, किती कमावलेत. चालू क्लेमचा तो रकाना वेगळा असतो आणि राष्ट्रीय अहवालात एक आठवडा मागून येतो. गेल्या रविवारी जी माणसं अहवालातून गळाली होती, त्यांची उत्तरं तिथे यायला लागली होती. काम केलं का: नाही. कमाई: शून्य. वेळ ०३०९. काम केलं का: नाही. कमाई: शून्य. वेळ ०३११.

त्याही फाइलचा मोजणीचा रकाना किती अंकांचा आहे, ते पाहायला मी प्रोग्राम उघडला आणि नांदेडच्या पोराला मेसेज टाकला, उठलास की फोन कर.