तुम्ही विचारलंत म्हणून: दुसऱ्या भाषांत सगळं उलटं का असतं?

मी भाषाविज्ञान शिकवते हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तुम्हाला किती भाषा येतात?" तो मी हसून टाळते. दुसरा प्रश्न मात्र मला मनापासून आवडतो, कारण तो विचारणारा माणूस कुठली तरी नवी भाषा शिकायला बसलेला असतो आणि वैतागलेला असतो. "त्या लोकांचं सगळं उलटं का असतं हो?" फ्रेंच शिकणाऱ्याला 'लाल गाडी'ऐवजी 'गाडी लाल' म्हणावं लागतं. अरबी शिकणाऱ्याला मोठ्या घराबद्दल बोलायचं तर 'अल्-बैत अल्-कबीर', म्हणजे घर आधी, मोठेपणा नंतर. थाई शिकणाऱ्याची तर पारच दांडी गुल. 'ही तीन लाल पुस्तकं' म्हणायला त्याला 'पुस्तक लाल तीन नग ही' असं शेवटाकडून सुरुवातीला यावं लागतं.

याचं उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. कर्ता, कर्म, क्रियापद यांच्या जागा हा वेगळा विषय आहे, तो इथे नको. इथे फक्त नाम आणि त्याला धरून येणारे शब्द, व्याकरणात ज्याला नामपदबंध म्हणतात तेवढंच.

'ही तीन लाल पुस्तकं' यात चार शब्द आहेत: दाखवणारा, मोजणारा, गुण सांगणारा आणि खुद्द नाम. चार शब्द 24 प्रकारे मांडता येतात. प्रत्येक भाषा आपल्या मर्जीने वागत असती, तर जगात हजारो भाषा असताना हे 24 प्रकार साधारण सारखे वाटले गेले असते. तसं झालेलं नाही. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने 1963 मध्ये 30 भाषा तपासून काही निरीक्षणं मांडली, त्यातलं विसावं याबद्दलचं आहे. हे तीन शब्द नामाच्या आधी आले, तर त्यांचा क्रम मराठीसारखाच असतो: ही, तीन, लाल. नामाच्या नंतर आले, तर एक तर हाच क्रम राहतो, नाहीतर बरोबर उलट होतो. पुढे 2005 मध्ये इटालियन भाषावैज्ञानिक ग्युल्येल्मो चिंक्वे यांनी बऱ्याच जास्त भाषा पाहिल्या आणि 24 पैकी 14 क्रमच सापडतात असं म्हटलं. या 14 च्या आकड्यावर पुढे वाद झाले, आणि 'हा क्रम त्या भाषेचा मूळ क्रम की जोर देण्यासाठी बदललेला' यावर ते होणारच. पण सगळ्यांत जास्त आढळणारे क्रम दोन, याबद्दल वाद नाही. एक आपला, दुसरा थाईचा.

आता हे दोन्ही शेजारी ठेवून बघा. ही, तीन, लाल, पुस्तक. पुस्तक, लाल, तीन, ही. एक म्हणजे दुसऱ्याचं आरशातलं रूप आहे. डावं-उजवं बदललं, पण कोण नामाच्या किती जवळ हे बदललं नाही. 'लाल' दोन्हीकडे पुस्तकाला खेटून, 'तीन' त्याच्या पलीकडे, 'ही' सगळ्यांत लांब. तेव्हा थाईवाले उलटं बोलत असतील, पण मोठ्या शिस्तीने बोलतात.

नाम मध्ये आलं तरी हे टिकतं का, असं कुणी विचारलं तर मला बरं वाटतं. स्पॅनिशमध्ये 'ही तीन पुस्तकं लाल', बास्क भाषेत 'तीन पुस्तक लाल ही', व्हिएतनामीत 'तीन नग पुस्तक लाल ही'. तिन्ही भाषांचा एकमेकींशी काही संबंध नाही, स्पॅनिशचा क्रम तर बाकी दोघींहून वेगळा, आणि तरी रंग पुस्तकाला सोडत नाही.

असं का, याचं मला पटणारं उत्तर शब्दांच्या अर्थात आहे. पुस्तक लाल आहे ते कुणीही, कुठूनही पाहिलं तरी लालच. 'तीन' ही कुठल्याच पुस्तकाची खूण नव्हे, ती त्या लाल पुस्तकांच्या गटाबद्दलची गोष्ट. आणि 'ही' तर पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही, बोलणारा कुठे उभा आहे तेवढं सांगते. मी चार पावलं मागे सरले की 'ही'ची 'ती' होतात, पुस्तकांना त्याचा पत्ताही नसतो. वस्तूच्या अंगच्या गोष्टी जवळ, बोलणाऱ्याच्या गोष्टी लांब. चिंक्वे यांची मांडणी याहून बरीच तांत्रिक आहे, त्यात नाम आपल्या मूळ जागेवरून सरकतं वगैरे. ती आवडणारे आवडीने वाचतात.

हे केवळ मागून सुचलेलं स्पष्टीकरण नाही, हे दाखवणारा एक सुरेख प्रयोग आहे. जेनिफर कल्बर्टसन आणि डेव्हिड ॲजर यांनी तो 2014 मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्यांना एक बनावट भाषा शिकवली, जिच्यात सगळी विशेषणं नामानंतर येतात. पण शिकवताना नामाबरोबर एका वेळी एकच शब्द दिला: 'पुस्तक लाल', किंवा 'पुस्तक ही'. दोन शब्द एकत्र कसे लावायचे ते सांगितलंच नाही. मग विचारलं, आता दोन्ही लावून म्हणा. इंग्रजीत 'ही' आधी आणि 'लाल' नंतर ऐकत वाढलेली माणसं 'पुस्तक ही लाल' म्हणतील असं वाटेल, कारण कानावर तोच क्रम बसलेला. त्यांचा कल 'पुस्तक लाल ही' कडे दिसला. म्हणजे डोक्यात रांग नव्हती, अंतर होतं.

इंग्रजीवाल्यांच्या डोक्यात ते इंग्रजीमुळेच असेल, ही शंका रास्त आहे. केनियात कीथारका नावाची भाषा आहे. तिच्यात नाम पहिलं आणि पुढे 'ही तीन लाल' अशी रांग, म्हणजे गुण सगळ्यांत लांब. ग्रीनबर्गच्या निरीक्षणातली 'नामानंतरही हाच क्रम' ही कमी आढळणारी शक्यता ती हीच. ही भाषा बोलणाऱ्यांवरही असाच प्रयोग झाला, 2024 मध्ये तो प्रसिद्ध झाला, आणि नव्या भाषेत त्यांचाही कल गुण नामाजवळ ठेवण्याकडेच होता. स्वतःची भाषा रोज याच्या विरुद्ध वागत असताना! या विषयावर इतकं समाधान देणारं दुसरं काही मी अलीकडे वाचलेलं नाही.

इथवर झाला क्रम. पण कोणता शब्द कुणाचा हे कळायला क्रम हा एकच मार्ग नाही, आणि इथे आपली मराठी फार मजेशीर वागते. 'जुनी मुलींची शाळा' ऐका. जुनी कोण? शाळा. 'जुन्या मुलींची शाळा' म्हटलं की जुन्या मुली, माजी विद्यार्थिनींनी काढलेली शाळा असावी. एका 'नी' आणि 'न्या'ने निकाल लागला. इंग्रजीत अशा ठिकाणी विशेषणाला रूपच बदलत नाही, त्यामुळे ऐकणाऱ्याला अंदाज बांधावा लागतो. आता याच शाळेत कुणाला तरी पाठवा: 'जुन्या मुलींच्या शाळेत'. गेलं सगळं! शाळेला 'त' लागला, तिचं सामान्यरूप झालं, म्हणून तिच्या विशेषणाचंही झालं, आणि 'जुनी'चं 'जुन्या' झाल्यामुळे आता ते मुलींचं की शाळेचं हे सांगायला काही उरलं नाही. अशा वेळी मराठी माणूस निमूटपणे क्रम बदलतो आणि 'मुलींच्या जुन्या शाळेत' म्हणतो. कुणी शिकवलेलं नसतं. आणि विशेषण 'सुंदर' किंवा 'लाल' असं न बदलणारं असेल, तर पहिल्यापासूनच सगळी भिस्त क्रमावर.

'चा-ची-चे'कडेही जरा बघा. 'शेजाऱ्यांच्या मुलाच्या मैत्रिणीचं घर' यात शेवटचं 'चं' घराकडे पाहून ठरलं. आधीचे दोन्ही 'च्या', कारण त्यांच्या पुढची नामं सामान्यरूपात आहेत. प्रत्येक मालकाच्या अंगावर त्याच्या मालमत्तेची खूण. आता 'घरात' म्हणा, की तो 'चं'सुद्धा 'च्या' होतो. म्हणजे घराला लागलेल्या प्रत्ययाची बातमी मैत्रिणीपर्यंत पोचते. फ्रेंचमध्ये हीच साखळी घरापासून सुरू होऊन शेजाऱ्यांपर्यंत जाते. पुन्हा तोच आरसा.

संस्कृतने हा व्यवहार पूर्ण केला होता. तिथे विशेषणालाही नामासारखीच पूर्ण विभक्ती, म्हणून कवी विशेषण पहिल्या चरणात टाकून नाम चौथ्यात ठेवू शकायचे आणि आपण शाळेत अन्वय लावत बसायचो. ऑस्ट्रेलियातली वार्लपिरी भाषा तर रोजच्या बोलण्यात हे करते. केन हेल यांनी तिच्यावर जे लिहिलं, त्यातलं एक वाक्य भाषाविज्ञानाच्या वर्गात हटकून येतं: 'दोन लहान मुलं कुत्र्याच्या मागे लागलीत'. यात 'मुलं' वाक्याच्या आरंभी आणि 'लहान' पार शेवटी, दोघांवरही द्विवचनाचा आणि कर्त्याचा प्रत्यय. मराठीने अर्धा खर्च वाचवला. 'या मोठ्या घरांत' यातला 'त' एकदाच येतो, विशेषणाच्या वाट्याला नुसता 'मोठ्या'तला शेवटचा 'या', म्हणजे 'पुढे काहीतरी प्रत्यय येतोय' एवढी सूचना. अर्धाच खर्च केल्यामुळे मोकळीकही अर्धीच मिळाली. 'पुस्तकं मी तीनच घेतली' असं आपण सहज म्हणतो, पण संस्कृत कवीइतकं लांब जाऊ शकत नाही.

मोजण्याबद्दल थोडक्यात. तुर्कीत 'तीन पुस्तक' म्हणतात, अनेकवचन लावायचंच नाही. 'तीन' म्हटल्यावर आणखी सांगायचं काय, हा त्यांचा हिशोब मला बिनतोड वाटतो. थाई आणि चिनी भाषेत संख्या नामाला थेट लावता येत नाही, संख्येबरोबर 'नग'सारखा शब्द लागतो, आणि तो पुस्तकाला एक, जनावराला दुसरा. मराठीत आपण माणसांपुरते असे वागतो: दोघे, तिघी, चौघं, आणि त्यापुढे दम संपल्यासारखे पाच जण.

बंगाली मात्र इथे एक गंमत करते. 'तिनटे बोई' म्हणजे कुठलीही तीन पुस्तकं. 'बोई तिनटे' म्हणजे ती, आपल्याला ठाऊक असलेली तीन. इंग्रजीला ज्यासाठी 'द' हे वेगळं उपपद लागतं, ते काम बंगालीने जागा बदलून भागवलं. मराठीत उपपद नाही, जागाही अशी बदलत नाही, पण 'तीन पुस्तकं आण' आणि 'तिन्ही पुस्तकं आण' म्हणून बघा. बल्गेरियन भाषा उपपद शब्दाच्या शेपटीला लावते, आणि तेही पदबंधातल्या पहिल्या शब्दाच्या: 'पुस्तक' एकटं असेल तर पुस्तकाला, 'नवं पुस्तक' असेल तर नव्याला. स्वीडिश तर 'ते मोठं घर' म्हणताना पुढेही उपपद ठेवते आणि घरालाही प्रत्यय लावते. शेजारची डॅनिश तिथे एकावर भागवते. 1987 मध्ये स्टीव्हन ॲबनी यांनी असं मांडलं की या सगळ्या पदबंधाचा प्रमुख नाम नसून हे 'ते'च आहे. इंग्रजीपुरतं ते पटतं. ज्या मराठीत 'ते' नसलं तरी काही अडत नाही, तिथे त्याला प्रमुखपद द्यायला माझं मन घेत नाही.

नामाआधी अख्खं वाक्य ठेवायची सोयही आपल्याकडे आहे: 'तुम्ही काल मला दिलेलं पुस्तक'. जपानीही असंच करते, इंग्रजी ते नामानंतर ठेवते, आणि चिनी भाषा क्रियापदानंतर कर्म ठेवूनही हे ओझं मात्र नामाच्या आधी लादते, जे जगात फार विरळा आहे. आपल्याला वर 'जे पुस्तक तुम्ही काल दिलंत ते' हा दुसरा रस्ताही आहे. सरकारी आणि वर्तमानपत्री मराठीने तो जवळजवळ टाकूनच दिलाय. चार-चार ओळींच्या 'केलेल्या, दिलेल्या, असलेल्या'नंतर एकदाचं नाम येतं, तोवर वाचणारा सुरुवात विसरलेला असतो. ओळीपेक्षा जास्त झालं की 'जे-ते' वापरा, असं मी विद्यार्थ्यांना बजावते. ते ऐकत नाहीत.

तर थाई शिकणाऱ्यांनो, अख्खा पदबंध मराठीत जुळवून मग मागून वाचत जाऊ नका. आधी नाम म्हणा आणि तिथून बाहेर चालत या: गुण, संख्या, 'ही' शेवटी. थोड्या दिवसांत जीभ आपोआप वळते. फ्रेंचवाल्यांची एवढ्यावर सुटका नाही. तिथे रंग नामानंतर येतो खरा, पण मोठा, लहान, सुंदर, चांगला, जुना अशी रोजची, आखूड विशेषणं नामाआधीच येतात आणि ती पाठच करावी लागतात. शिवाय काही दोन्हीकडे चालतात आणि अर्थ बदलतात. 'आंसियँ' नामानंतर आलं तर 'प्राचीन', आधी आलं तर 'माजी'. तेव्हा पुरातन वास्तूबद्दल लिहिताना ते चुकून आधी ठेवलंत, तर तिथे पूर्वी वास्तू होती आणि आता नाही असा अर्थ निघेल.